अमेरिकेतलं लग्नानंतरचं पहिलं टॅक्स रिटर्न: जॉइंट की सेपरेट ठरवायच्या आधी हे जमवा

जोडीदार एच-४ वर, म्हणजे नवरा/बायकोच्या डिपेंडंट व्हिसावर, इकडे आला की पहिल्याच फेब्रुवारीत घरात हा प्रश्न निघतो, रिटर्न जॉइंट भरायचं का सेपरेट. आपल्याला भारतातली सवय, ज्याचा त्याचा पॅन आणि ज्याचं त्याचं रिटर्न, त्यामुळे कुठले कागद लागतील हेच आधी लक्षात येत नाही. आमचं पहिल्या वर्षी चुकलं आणि मग १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, भरून दुरुस्त करावं लागलं, म्हणून हे लिहितेय. डब्ल्यू-२, १०९९ वगैरे इथल्या पगाराचे आणि व्याजाचे फॉर्म तुमच्याकडे असणारच, ते सोडून देते.

पहिलं काम, जानेवारी लागला की लगेच, भारतातल्या प्रत्येक बँकेकडून व्याजाचं सर्टिफिकेट मागवा आणि ते जानेवारी ते डिसेंबरचं मागवा. नुसतं "इंटरेस्ट सर्टिफिकेट द्या" म्हणालात तर एप्रिल ते मार्चचं येतं, कारण तिकडचं वर्ष तसं, आणि इथलं रिटर्न कॅलेंडर वर्षाचं. आम्ही तोच एप्रिल-मार्चचा आकडा उचलून टाकला होता आणि सगळी दुरुस्ती त्यापायी झाली. तारखा लिहून मागा, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. मिळत नसेल तर स्टेटमेंट काढून तिमाही व्याजाच्या नोंदी स्वतः जोडा, पण एप्रिल-मार्चवर भागवू नका. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे धरावं लागतं, पीपीएफचंही सहसा धरतात.

आता हे सगळं कशाला, तर जोडीदार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आला असेल तर अमेरिकेतल्या मुक्कामाच्या १८३ दिवसांच्या हिशोबात तो त्या वर्षी टॅक्सपुरता सहसा नॉनरेसिडेंटच (अनिवासी) राहतो, आणि नॉनरेसिडेंट असताना जॉइंट भरता येत नाही. भरायचंच असेल तर दोघांच्या सहीचं एक स्टेटमेंट रिटर्नला जोडून "आम्हा दोघांना पूर्ण वर्ष रेसिडेंट धरा" असं लिहून द्यावं लागतं. एकदा ते दिलं की दोघांचं जगभरातलं पूर्ण वर्षाचं उत्पन्न आत येतं. म्हणजे जोडीदाराने जानेवारी ते ऑगस्ट पुण्यात नोकरी केली असेल तर तो पगारसुद्धा. आणि इथेही तेच, फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा असतो, त्याचा सरळ उपयोग नाही, महिन्याच्या पगाराच्या स्लिपा लागतात. नोकरी सोडल्यावर कंपनीचं लॉगिन बंद होतं, त्यामुळे स्लिपा विमानात बसायच्या आधी डाउनलोड करा, नंतर एचआरच्या मागे लागून काही हाती येत नाही. टीडीएस कापला असेल त्याचे कागद, २६एएस, तेही ठेवा, तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट इथे मागता येतं.

फायदा किती ते आकड्यात बघा, २०२५ सालचं धरून. एकाचा पगार १ लाख डॉलर, दुसऱ्याचं उत्पन्न शून्य. सेपरेटला स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) १५,७५० आणि टॅक्स साधारण १३,४५० डॉलर, जॉइंटला डिडक्शन ३१,५०० आणि टॅक्स साधारण ७,७५०. म्हणजे ५,७०० डॉलरचा फरक, त्यामुळे भारतात फारसं उत्पन्न नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, जॉइंट भरा. सेपरेट भरलं की स्टुडंट लोनच्या व्याजाचं डिडक्शन जातं, शिक्षणाची क्रेडिट्स जातात, एकत्र राहत असाल तर रॉथ आयआरए या निवृत्ती खात्यात पैसे भरण्यासाठीची उत्पन्नाची मर्यादा १० हजार डॉलरवर येते, आणि एकाने आयटमाइझ केलं (सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवला) तर दुसऱ्यालाही करावंच लागतं.

पण डोळे झाकून सही करू नका. जॉइंटमध्ये संपूर्ण टॅक्सची जबाबदारी दोघांवर असते, एकाने उत्पन्न लपवलं तर वसुली दुसऱ्याकडूनही होऊ शकते, पुढे घटस्फोट झाला तरी. जोडीदाराच्या नावावर भारतात भाड्याचे फ्लॅट, मोठ्या एफडी असतील तर दोन्ही हिशोब करून बघा. एखाद्याचा दवाखान्याचा खर्च मोठा असेल किंवा स्टुडंट लोनचा हप्ता उत्पन्नावर ठरत असेल तरी बघा. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, ॲरिझोनात राहत असाल तर सेपरेटचा हिशोब आणखी किचकट, तिथे कमाई निम्मी-निम्मी धरतात, तेव्हा सीपीएला (इथल्या सीएला) विचारा. आणि हे नीट वाचा: सेपरेट भरलेलं तीन वर्षांपर्यंत बदलून जॉइंट करता येतं, पण जॉइंट भरलेलं मुदत उलटल्यावर सेपरेट करता येत नाही. ते रेसिडेंट धरण्याचं स्टेटमेंटही एकदा मागे घेतलं की पुन्हा कधीच देता येत नाही.

आणि हे दोन्ही हिशोब करायलाही आकडे जानेवारी ते डिसेंबरचेच लागतात, नाहीतर तुलनाच चुकीची. मागवलंत का सर्टिफिकेट? आजच ईमेल करा.

जोडीदाराकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तर आयटीआयएन, म्हणजे टॅक्सपुरता दिलेला नंबर, त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नसोबत कागदावरच जातो, ई-फाइल होत नाही. मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायचा नसेल तर सर्टिफाइड ॲक्सेप्टन्स एजंट किंवा आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) ऑफिस गाठा, अपॉइंटमेंट लवकर घ्या.

भारतातले म्युच्युअल फंड असतील तर परदेशी फंडांचा फॉर्म ८६२१ लागतो, हे प्रकरण महागात पडतं, सीपीएला लपवू नका. सगळ्या परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, तो रिटर्नसोबत जात नाही, वेगळ्या साइटवर भरायचा. आईबाबांच्या खात्यात नुसतं जॉइंट नाव असलं तरी ते खातं मोजायचं. त्यासाठी वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक लागते, ती त्याच जानेवारी-डिसेंबरच्या स्टेटमेंटमधून काढा.

स्टेट रिटर्न बहुतेक ठिकाणी फेडरलप्रमाणेच. १५ एप्रिलला जमत नसेल तर मुदतवाढीचा फॉर्म ४८६८, पण पैसे मात्र १५ एप्रिललाच भरा. दोघांच्याही सह्या, दोघांचंही नाव पासपोर्टप्रमाणे, सर्टिफाइड मेल, पूर्ण पाकिटाची कॉपी स्वतःकडे.