रेकॉर्डिंगला बंद, मिक्सिंगला उघडा: स्टुडिओ हेडफोन निवडताना

गायक माइकसमोर असेल तर मागून बंद असलेलाच (कानावरच्या कपाची बाहेरची बाजू बंद असलेला) हेडफोन घ्या. उघड्या हेडफोनमधून क्लिक ट्रॅक (ताल धरायला कानात वाजणारी टिकटिक) झिरपतो, माइक तो पकडतो आणि गाण्यातल्या शांत जागी टिकटिक ऐकू येते. नंतर ती पुसता पुसत नाही. सोनी एमडीआर-७५०६ (विद्युत अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, ६३ ओहम) या कामाला चोख आहे. चष्म्याच्या काडीने कानावरच्या गादीत फट पडली तर आवाज गळतो आणि बेसही पातळ होतो, म्हणून गाताना चष्मा काढलेला बरा.

ब्लूटूथ नकोच. आवाज उशिरा पोचतो, ताल चुकतो.

मिक्सिंगला (रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवताना) सेनहायझर एचडी ६०० सारखा उघडा हेडफोन आम्हाला जास्त विश्वासाचा वाटतो. तो ३०० ओहमचा आहे, म्हणजे अडथळा जास्त. म्हणून बऱ्याच लॅपटॉपच्या जॅकवर आवाज कमी पडतो, त्यामुळे चांगला ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन संगणकाला जोडणारे उपकरण) किंवा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर धरूनच बजेट आखा. या हेडफोनमध्ये अगदी खालचा बेस कमी ऐकू येतो, म्हणून किक (ड्रमचा जाड ठोका) उगाच वाढवू नका. शिवाय डावीकडचा आवाज उजव्या कानापर्यंत पोचत नसल्याने दोन्हीकडे पसरलेला तानपुरा वाजवीपेक्षा रुंद भासतो. पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे ठेवणे) आणि रिव्हर्ब (घुमारा) स्पीकरवर ताडून पाहा.

खरेदीआधी गाद्या सुट्या मिळतात का, हे विचारा. त्या दबल्या की टोनच बदलतो.