बँकॉकचा जुना भाग एका दिवसात: रस्ता सोडा, नदी धरा

मुंबईहून रात्री निघालेलं विमान बँकॉकला सकाळी उतरतं आणि बरेच जण हॉटेलात सामान टाकून थेट ग्रँड पॅलेस या राजवाड्याकडे धावतात. तो दिवस बहुतेक वाया जातो. राजवाड्याची शेवटची तिकिटं दुपारी 3.30 ला मिळतात, आणि इमिग्रेशनची रांग, टॅक्सी, आंघोळ उरकेपर्यंत ऐन उन्हाची वेळ झालेली असते. राजवाडा दुसऱ्या दिवशी ठेवा, तोही सकाळी 8.30 ला दार उघडताना.

या शहरात किलोमीटर विचारून उपयोग नाही. संध्याकाळी पाच ते सात या वेळात चार किलोमीटरला तासभरही लागू शकतो. म्हणून हॉटेल निवडताना नाश्त्यापेक्षा बीटीएस (उंचावरची रेल्वे) किंवा एमआरटी (मेट्रो) यांचं स्टेशन पायी किती मिनिटांवर आहे ते आधी बघा.

राजवाड्याला जायचा सोपा मार्ग नदीचा. बीटीएसने सपान ताक्सिनला उतरा. पुलाखालीच साथोर्न धक्का आहे. इथे पर्यटक बोटीचं महागडं तिकीट पुढे करणारे लोक भेटतील. तुम्हाला हवी आहे नारिंगी झेंड्याची बोट: कुठेही उतरा, 16 बात (थाई चलन). (इथले सगळे दर 2025 च्या सुमाराचे, थोडे पुढेमागे होतात.) सुटे हाताशी ठेवा. राजवाड्यासाठी उतरायचा ता चांग धक्का यायच्या आधीच बोटीच्या दाराजवळ उभे राहा, कारण बोट धक्क्याला जेमतेम मिनिटभर टेकते. ज्येष्ठांना चढता-उतरताना हात द्यावा लागतो. ते जमणार नसेल तर एमआरटीने सनाम चाय स्टेशनला उतरा, पण तिथून राजवाड्याचं दार पंधरा-वीस मिनिटं चालत आहे.

चालताना कुणी सभ्य गृहस्थ अडवून सांगेल, "आज राजवाडा बंद आहे, दुपारी उघडेल." मग शेजारी उभ्या टुकटुकमधून (तीनचाकी रिक्षातून) वीस बातमध्ये शहर दाखवायची तयारी. ही फेरी रत्नांच्या आणि शिंप्यांच्या दुकानांत संपते. टुकटुकवाल्याला तिथे कमिशन असतं. बंद की उघडा हे फक्त तिकीट खिडकीवर ठरवायचं.

कपड्यांवरून परत पाठवतात, त्यात हयगय नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. फाटकी जीन्स, नुसती लेगिंग चालत नाही. सलवार-कुर्ता उत्तम. बिनबाह्यांच्या ब्लाउजवर साडी नेसली असेल तर पदरावर भिस्त ठेवू नका, वर बाह्यांचं काहीतरी घाला. ऐनवेळी दारासमोर हत्तींच्या नक्षीच्या ढगळ विजारी मिळतात.

तिकीट 500 बात. 120 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना माफ. आत गेल्यावर गर्दी पाचूच्या बुद्धाकडे वळते. मूर्ती जेमतेम 66 सेंटीमीटरची, पाचूची नव्हे तर हिरव्या जेडची, आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा राजाच्या हस्ते तिचा पोशाख बदलतो. गाभाऱ्यात फोटो काढता येत नाही, चपला बाहेर काढाव्या लागतात, बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत.

पण आपल्या माणसाने वेळ द्यावा तो भोवतालच्या ओवऱ्यांना. भिंतींवर 178 चित्रांत अख्खं रामायण आहे, थाई रामकियन. उत्तरेच्या दारापासून सुरुवात करा, जिथे जनकाला सीता सापडते, आणि प्रदक्षिणेच्या दिशेने चला. हिरवा तो रावण (इथे तोसाकान), पांढरा तो हनुमान. सीता इथे रावणाचीच मुलगी आहे आणि हनुमान मुळीच ब्रह्मचारी नाही. आजी-आजोबांना आधी सांगून ठेवलेलं बरं. याला निदान पाऊण तास द्या. उन्हाने डोकं उठलं तर आवारातलं वस्त्रसंग्रहालय वातानुकूलित आहे आणि त्याच तिकिटात पाहता येतं.

तिथून 'वाट फो' हे मंदिर पायी दहा मिनिटं. 300 बात, पाण्याची बाटली त्यातच. 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध एका फोटोत मावत नाही. पायांच्या बाजूला जा, तळव्यांवर शिंपल्यांच्या कामात 108 शुभचिन्हं आहेत.

जेवणाचं मात्र जपून. "व्हेज" म्हणून दिलेल्या भातातही माशाचा सॉस, नाम प्ला, असू शकतो. "जे" हा शब्द लक्षात ठेवा: पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेली दुकानं. तिथे मांस, मासे, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. पोळी-भाजीच हवी असेल तर सनाम चायहून एकच स्टेशन पुढे साम योत. तिथून चालत पाहुरात या भारतीय वस्तीत पोचता येतं.

उन्हं कलली की वाट फोजवळच्या ता तिएन धक्क्यावरून पाच बातच्या होडीने नदीपलीकडे 'वाट अरुण' या मंदिराला जा. तिकीट 200 बात. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं ते शिखर जवळून बघण्यासारखं आहे, पण पायऱ्या फार उभ्या, उतरताना कठडा धरा. नाव अरुणाचं असलं तरी सूर्य मावळतो तो त्याच्या मागे. म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी परत अलीकडे या आणि ता तिएनच्या बाजूला नदीकाठी जागा धरा. अंधार पडल्यावर टॅक्सी शोधत बसू नका. सनाम चायची मेट्रो तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.