बांध घालण्याआधी समपातळी रेषा कशी आखावी

माती वाहून जाऊ नये म्हणून "उताराला आडवे बांध घाला" असं सगळेच सांगतात. आडवे म्हणजे नेमके कसे, हे सांगायची वेळ आली की "डोळ्यांनी अंदाज येतो" म्हणून मोकळे होतात. हे अजिबात ऐकू नका. उतारावर उभं राहिलं की भल्याभल्यांचा डोळा फसतो, आणि पाण्याला वाट काढायला बोटभर उतारही पुरतो.

समपातळी रेषा म्हणजे सगळीकडे एकाच उंचीवरून जाणारी रेषा. ती आखायला एक साधी चौकट करा: 2 मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, खाली त्यांचे पाय 2 मीटर फाकवा आणि मधोमध आडवी पट्टी ठोका. वरच्या टोकाला दोरी बांधून तिला जड दगड लटकवा. झाला ओळंबा.

आता खरं काम. आडव्या पट्टीचा मध्य टेपने मोजून तिथेच खूण करायची नाही! मी पहिल्यांदा तेच केलं. माझा एक पाय किंचित आखूड होता, त्यामुळे खूण जेमतेम सेंटीमीटरभर चुकली. चौकट न फिरवता तशीच पुढे सरकवल्यामुळे तेवढ्यानेच तिच्या दर 2 मीटरच्या टप्प्याला सुमारे 2 सेंटीमीटर उतार येत गेला आणि 25 टप्प्यांत रेषा अर्धा मीटर खाली घसरली. पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी बांधाच्या कडेने एका टोकाला धावलं, बांध फुटला आणि खाली गुडघाभर खोल ओघळ पडली. बांधच नसता तर पाणी निदान पसरून गेलं असतं. म्हणून खूण अशीच करा: जमिनीत दोन खुंट्या ठोका, त्यांवर चौकटीचे पाय ठेवा, दोरी पट्टीला जिथे टेकेल तिथे रेघ मारा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर चौकट ठेवा आणि दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या मधोमध खरी पातळी. काम वारा नसताना करा; दोरी हलत असेल तर थांबा, घाई नको.

मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत चला, दोरी खुणेवर आली की खुंटी ठोका. एखादी खुंटी फारच बाहेर गेली तर थोडी सरकवा, पण रेषा सरळ दिसावी म्हणून ओढू नका. ती वाकडीच असते.

काम माथ्याकडून सुरू करा. रेषेवर चर खणा, त्याची माती खालच्या बाजूला टाकून चोपा, बांधावर गवत लावा, पेरणीही बांधाला समांतर करा. जास्तीच्या पाण्यासाठी दगडी सांडवा ठेवा. भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी तुंबतं. तिथे रेषेला सांडव्याकडे 100 मीटरला 20 ते 40 सेंटीमीटर ढाळ द्या.

पहिल्या जोरदार पावसात फावडं घेऊन बांधावरून चालत जा. रेषेला ढाळ दिलेला नसेल तर पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलेलं दिसलं पाहिजे. एका बाजूला सरकताना दिसलं तर तिथल्या खुंट्या त्याच आठवड्यात पुन्हा तपासा.