ग्रामसभेत सही कशावर करताय ते आधी बघा

साताऱ्यातल्या पाटण-जावळीकडं यादीत सहाशे मतदार आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत, अशी गावं काही कमी नाहीत. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मात्र यादीवर ठरतो: मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला लहान आकडा. सहाशेला नव्वद. 15 ऑगस्टच्या पावसात नव्वद माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. नको ते ठराव हमखास तिथंच उरकतात. म्हणून सभा तहकूब झाली की पुढची तारीख-वेळ विचारल्याशिवाय उठू नका.

नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी. फलकाचा त्याच दिवशी फोटो काढा. तुमचा विषय लगेच लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घ्या. तोंडी सांगितलेला विषय ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये जातो, आणि तो यायच्या आत निम्मी सभा चहाला गेलेली असते.

हजेरीची सही सुरुवातीलाच घेतात, ठराव मागाहून लिहितात. सगळी गोम इथं आहे. विषय संपला की भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना), तिथंच प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, वाचायला सांगा: ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, रक्कम. खाली मोकळी जागा सोडली असेल तर रेघ मारून घ्या.

ग्रामपंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 या काळातला 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. त्यातून गावाची कमान उभी राहिलेली दिसली, तर पहिलं बोट तिथं ठेवा.

काम खरं झालं का, हे मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एम.बी.त कळतं. समजा 60 मीटर लांब, 3 मीटर रुंद रस्त्याची जाडी 15 सेंटीमीटर लिहिली आहे: 27 घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात 10 सेंटीमीटर ओतलं, तर 18 घनमीटर. नऊ घनमीटरचं बिल फुकट गेलं. कडेला टेप लावून फसू नका. कड जाड आणि मध्ये मुरूम उंच ठेवला की बाहेरून सगळं बरोबर दिसतं. ओतायच्या सकाळी दोन्ही कडांच्या फळ्यांना आडवी दोरी ताणा आणि मधोमध खालपर्यंत मोजा. रस्ता होऊन गेला असेल, तर नळजोडणीसाठी कुणी चर खोदेल तेव्हा टेप घेऊन जा.

एम.बी. दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘रस्ता खराब का झाला?’ असं विचारलंत तर हाती काही लागत नाही. कागद मागा: ‘अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, एम.बी.ची पानं, बिल आणि प्रमाणकं (व्हाउचर) यांच्या साक्षांकित प्रती’, आणि काळ तारखांसह लिहा. प्रत पानाला 2 रुपये. पानं फार असतील तर आधी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून कागद बघणं, मागा, पहिला तास फुकट असतो.

30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील पंचायत समितीत, 20 रुपयांचं स्टॅम्प लावून. तिथंही अडलं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं तारीख लागायला वेळ जातो, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. पान हाती आलं की पुढच्या सभेसाठी विषय द्या आणि त्यात तीनच गोष्टी लिहा: एम.बी.चं पान क्रमांक, लिहिलेली जाडी, दोन साक्षीदारांसमोर मोजलेली जाडी.