मराठी ब्लॉगवर पैसे कुठून येतात आणि किती वेळाने

मी जमिनीच्या कागदपत्रांवर मराठीत ब्लॉग लिहिते. सातबारा कसा वाचायचा, फेरफार म्हणजे काय, वारसनोंदीला कोणते कागद लागतात, हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र यांत फरक काय, असे विषय. त्याआधी फलटणला एका वकिलांकडे कारकून होते. पक्षकारांचे अर्ज टाईप करायचे, तलाठी कार्यालयातून उतारे आणायचे, तारखांची नोंद ठेवायची, हे रोजचं काम. लोक ऑफिसात येऊन जे विचारायचे, तेच मी लिहून काढू लागले. आता त्यातून घराला नियमित हातभार लागतो. ओळखीतली मुलंमुली विचारतात, ‘ब्लॉगवर खरंच पैसे मिळतात का?’ मिळतात. पण कुठून, किती वेळाने आणि कोणत्या कामाचे, हे आधी समजलं तर बरीच वणवण वाचते.

सगळ्यात आधी विषय. ‘शेती’, ‘आरोग्य’, ‘नोकरी’ हे विषय नव्हेत, ते नुसते विभाग झाले. तिथे मोठी वृत्तपत्रं आणि पगारी लेखकांची फौज असलेल्या साइट्स आहेत. एकट्या माणसाला जागा मिळते ती अरुंद विषयात, आणि त्या विषयात तुमचा हात बसलेला असला तरच. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल नोंदवण्याची पद्धत कोणीही लिहील: अर्ज करा, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे चार ओळींत संपतं आणि आता सर्च करणाऱ्याला हे उत्तर गुगलच वर दाखवून टाकतं, आपल्या पानावर यायची त्याला गरजच राहत नाही. माणूस अडतो तो पुढच्या ठिकाणी. वडील गेले, वारसांत थोरली बहीण आहे, तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि लग्नाची नोंदणी कधी झालीच नाही. आता दोन्ही नावांची बाई एकच, हे कशाने दाखवायचं? ऑफिसात हा प्रश्न सतत यायचा. त्यावरचा लेख आजही माझ्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखांत आहे, कारण तो लिहायला त्या टेबलाच्या अलीकडे बसलेलं माणूस लागतं. गुगलनेही डिसेंबर 2022 मध्ये आपल्या दर्जाच्या निकषांत ‘अनुभव’ हा शब्द मुद्दाम घातला. तुमच्याकडेही असं एखादं टेबल असणार. महावितरणमधली नोकरी असेल, अंगणवाडी असेल, द्राक्षबाग असेल, शिवणकाम असेल. तिथूनच विषय काढा.

लोक काय शोधतात, हे आपल्या डोक्याने ठरवू नका. गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. आपला ब्लॉग त्याला जोडला की कोणते शब्द टाकून लोक आले, हे ओळीने दिसतं. माझ्याकडे ‘सातबारा’, ‘7/12’, ‘सात बारा उतारा’ आणि रोमन लिपीतला ‘सातबारा’ असे चारही प्रकार येतात. ‘बक्षीसपत्र’ कितीतरी जण ‘बक्षिसपत्र’ असं लिहितात. शासनाने 2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, पण लोक अजून तलाठीच शोधतात. म्हणून मी लेखात दोन्ही शब्द ठेवते, शीर्षकात लोकांचा शब्द आणि मजकुरात अधिकृत. शुद्धलेखन मात्र सोडत नाही. चुकीच्या लिखाणाने सर्चमध्ये वर येण्यापेक्षा, वाचणाऱ्याचा विश्वास बसणं मला जास्त मोलाचं वाटतं. जमिनीच्या बाबतीत तर वाटतंच.

तांत्रिक बाजू लवकर उरकते. ब्लॉग बनवायला गुगलचं ब्लॉगर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. वर्डप्रेसमध्ये मोकळीक जास्त, पण होस्टिंगचा, म्हणजे ब्लॉग ठेवायच्या जागेच्या भाड्याचा, खर्च दरवर्षी. डोमेन, म्हणजे ब्लॉगचं इंटरनेटवरचं नाव, मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. भाच्याच्या किंवा ‘वेबसाइट बनवून देणाऱ्या’च्या खात्यावर नको. दोन गोष्टी खास मराठीच्या आहेत. एक, लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक, रोमन अक्षरांत छोटी ठेवा. देवनागरी लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की तिची टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, आणि आपल्याकडचा वाचक तसली लिंक बघून ती फसवणुकीची समजतो. दुसरी, साइटची भाषा सेटिंगमध्ये ‘मराठी’ निवडा. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, ती भाषा मराठी असल्याचं कळलं तरच उमटतात. आपल्या वाचकाला ती अक्षरं ओळखीची वाटतात. लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या मोबाइल-संगणकांवर सारखं दिसणाऱ्या टंकलेखनात करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर वाचकाला अगम्य चिन्हं दिसतात आणि सर्चला काहीच सापडत नाही.

आता जाहिराती. ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गुगलची सेवा म्हणजे ॲडसेन्स, ती 2003 पासून आहे. हिंदी ब्लॉगना ती डिसेंबर 2014 मध्ये खुली झाली, मराठी ब्लॉगना त्यानंतर काही वर्षांनी. आज मराठी ब्लॉगला रीतसर मंजुरी मिळते. अर्ज करण्याआधी स्वतः लिहिलेले पुरेसे लेख हवेत, आणि ‘आमच्याविषयी’, ‘संपर्क’, ‘गोपनीयता धोरण’ ही पानं हवीत. इकडून तिकडून उचललेला मजकूर असेल, किंवा पाच-सहा ओळींचे लेख असतील, तर ‘मजकुराचं मूल्य कमी’ अशा अर्थाचं कारण देऊन अर्ज परत येतो. तसं झालं तर घाईने पुन्हा अर्ज टाकू नका, आधी लेख वाढवा.

पैशाचा हिशेब समजून घ्या. 2024 पासून ॲडसेन्स क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर पैसे मोजतं, आणि जाहिरातदार जे देतो त्यातला साधारण 68 टक्के वाटा आपल्याकडे येतो. दर विषयावर आणि वाचक कुठल्या देशातला आहे त्यावर ठरतो. समजा, हजार वेळा पान उघडल्यावर एक डॉलर मिळाला. पैसे खात्यात पाठवण्याची किमान मर्यादा 100 डॉलर आहे. म्हणजे पहिली रक्कम हाती यायला एक लाख वेळा पान उघडलं गेलं पाहिजे. हा आकडा मी घाबरवायला सांगत नाही. नोकरी सोडून ब्लॉग करायला निघालेल्या प्रत्येकाने आधी हा गुणाकार कागदावर करावा, एवढंच. दिवाळीच्या आधी जाहिरातदारांचे हात सैल असतात, तेव्हा दर चढतात, आणि जानेवारीत उतरतात. जानेवारीत आपलं काहीतरी चुकलं असं वाटून सगळा ब्लॉग उलटापालटा करणारी मंडळी मी पाहिली आहेत.

एक गोष्ट हात जोडून सांगते: घरच्यांना, मित्रांना ‘जरा जाहिरातींवर क्लिक करा’ असं सांगू नका. स्वतःही करू नका. असे क्लिक ओळखले जातात, रक्कम कापली जाते, खातं बंदही होतं, आणि बंद झालेलं खातं परत मिळणं फार अवघड.

ॲडसेन्सच्या खात्यात 10 डॉलर जमा झाले की आपला पत्ता पडताळायला गुगल पोस्टाने एक पत्र पाठवतं, त्यात सहा आकडी पिन असतो. शहरात हे सोपं. गावात पत्ता ‘मु. पो.’ आणि घरमालकाच्या नावाने चालतो, आणि ते साधंसं पत्र जाहिरातीचा कागद समजून कुठेतरी पडून राहतं. म्हणून फॉर्ममध्ये पत्ता लिहिताना घराचं ओळखीचं नाव, वस्ती, पिनकोड आणि जमेल तिथे मोबाइल नंबर घाला. आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. आमच्याकडच्या पोस्टमननी ते पत्र थेट हातात आणून दिलं, कारण मी आठवडाभर आधी पोस्टात जाऊन त्यांना कल्पना दिली होती. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत पडताळणी झाली नाही तर जाहिराती दिसणं थांबतं.

बँकेचंही तसंच. पैसे परदेशातून येतात, त्यासाठी स्विफ्ट कोड लागतो. तालुक्याच्या शाखेला बहुधा स्वतःचा कोड नसतो, तिथे मोठ्या शाखेचा किंवा मुख्य कार्यालयाचा कोड वापरतात. हे बँकेतून लेखी घ्या. पतसंस्थेतलं खातं इथे चालत नाही. रक्कम आली की बँक ‘कशाचे पैसे’ असं विचारते, तेव्हा संकेतस्थळावरच्या जाहिरातीचं उत्पन्न असं स्पष्ट सांगा आणि परदेशी रक्कम जमा झाल्याचा दाखला मागून फाइलला लावा. पुढे आयकर विवरणपत्र भरताना तो लागतो.

नुसत्या जाहिरातींवर मराठी ब्लॉग तगतो, असं मला वाटत नाही. माझ्या उत्पन्नाचा मोठा भाग ब्लॉगमुळे मिळालेल्या कामातून येतो. अर्जांचे नमुने नीट समजावून सांगणारी छोटी पुस्तिका मी पीडीएफ करून विकते. बचतगटांच्या आणि शेतकरी गटांच्या बैठकांत सातबारा वाचायला शिकवते, त्याचं मानधन मिळतं. ई-बुक करायचं असेल तर ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं घेतात. तिथे रॉयल्टी 35 किंवा 70 टक्के, पण भारतात 70 टक्के हवी असेल तर ठरावीक काळ ते पुस्तक इतर कुठे डिजिटल स्वरूपात विकायचं नाही, ही अट असते. पुस्तिका स्वतः विकायची की तिथे द्यायची, हे ती अट वाचून ठरवा.

प्रायोजित लेखांची मागणी येते तेव्हा जरा थांबा. पैसे घेऊन लिहिलेला मजकूर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं ठळक लिहूनच द्यायचा, असा भारतीय जाहिरात मानक परिषदेचा 2021 चा नियम आहे. माझ्या विषयात आणखी एक कुंपण आहे. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे ‘आमचं नाव टाका, पैसे देतो’ असा निरोप आला तरी मी नकार देते. प्लॉटिंगवाल्यांनाही देते. ज्या जमिनीचे कागद मी पाहिले नाहीत, तिच्या जाहिरातीखाली माझ्या वाचकाने विसार द्यावा, हे मला सहन होणार नाही. तुमच्या विषयातही असं काहीतरी असेल. ते पैसे यायला लागायच्या आधीच ठरवून ठेवा, नंतर ठरवणं अवघड जातं.

तसंच वाचकांच्या कागदांचं. लोक विश्वासाने अख्खा सातबारा पाठवतात, त्यावर नावं, गट नंबर, कर्जाचा बोजा, सगळं असतं. लेखात नमुना दाखवायचा तर मी हे सगळं झाकते, आणि शक्यतो स्वतःच कोरा नमुना तयार करते. कायद्याची कलमं आणि कोर्टाचे निकाल यांवर भाष्य करायला मोकळीक आहे, पण वृत्तपत्रातली बातमी किंवा छायाचित्र उचलून लावायला नाही. आपला लेख कोणी जसाच्या तसा उचलला, तर गुगलकडे तो सर्चमधून काढण्याची रीतसर तक्रार करता येते. माझा एक लेख एका साइटने चुकीच्या अल्पविरामासकट उचलला होता. तो अल्पविरामच पुरावा म्हणून कामी आला.

कराच्या बाबतीत थोडक्यात: हे उत्पन्न व्यवसायाचं म्हणून विवरणपत्रात दाखवावं लागतं. डोमेन, होस्टिंग, इंटरनेट यांच्या पावत्या ठेवा, तो खर्च वजा होतो. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे, त्यामुळे सुरुवातीला बहुतेकांना तो प्रश्न येत नाही. तरी पहिल्या वर्षी एकदा सीएला भेटाच.

नवे लेख लिहिण्याइतकंच काम जुन्यांचं असतं, आणि नवीन लोक याचा हिशेबच धरत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 मध्ये आला, 2020 मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला, 2021 मध्ये ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल ॲपवरून स्वतः पिकाची नोंद करणं, राज्यभर लागू झाली. प्रत्येक वेळी जुन्या लेखातली चित्रं आणि पायऱ्या निरुपयोगी झाल्या. खरिपाची पीक पाहणी ऑगस्टमध्ये सुरू होते, त्यामुळे तो लेख जुलैतच पुन्हा तपासावा लागतो. स्वतःच्या मोबाइलवर ॲप उघडून, एकेक पायरी करून, नवीन स्क्रीनशॉट घेऊन. मग लेखाच्या डोक्यावर ‘शेवटचं अद्ययावत’ अशी तारीख टाकायची. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेतकरी बांधावर उभा राहून तो लेख उघडतो, आणि त्याला आधी ती तारीखच बघायची असते.