बोडीत बीज सोडण्याआधी

मृगाच्या पावसात बोडी, म्हणजे आपलं छोटं तळं, भरली की माशांचं बीज सोडायची घाई होते, पण मासळीचं वर्ष उन्हाळ्यातच ठरतं. भंडारा-गोंदियाकडच्या आपल्या बोड्या मुळात धानाला पाणी द्यायला बांधलेल्या, मासळी मागाहून आली. तेव्हा आधी स्वतःलाच विचारा, आपल्या बोडीत चार-पाच फूट पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं? फेब्रुवारीतच तळ दिसत असेल तर जिऱ्यांच्या, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या बारीक पिल्लांच्या, नादी लागू नका. जिरे स्वस्त पडतात, पण त्यांना वाढायला वेळच पुरत नाही. हाताच्या बोटाएवढी बोटुकली घ्या, महाग पडली तरी.

मे महिन्यात तळ तडकेपर्यंत सुकू द्या. पाळीतली, म्हणजे बांधातली, खेकड्यांची बिळं बुजवा, पाणी येण्या-जाण्याच्या तोंडांना जाळी लावा. कुठे डबकं राहिलंच तर त्यात मरळ किंवा शिवडा दबा धरून असणार, आणि ते तुमचं बीज फस्त करतील. तिथे मोहाची ढेप टाका, तिच्या विषाने ते मरतात. एकरभर जागेत मीटरभर पाणी असेल तर साधारण १००० किलो लागते. विष उतरेपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, बीज सोडायचं नाही. पुढे त्याच ढेपेचं खत होतं. मग एकरी १०० किलो चुना, आठवड्याने शेणखत. पाणी हिरवट झालं की कोपरापर्यंत हात बुडवा. तळहात नुकताच दिसेनासा झाला की पाण्यात खाद्य तयार आहे. मनगटापर्यंत बुडवल्यावरच तो दिसेना, तर खत थांबवा.

एकरी २००० बोटुकली पुरे: ८०० कटला, ६०० रोहू, ६०० मृगळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिघं एकत्र नांदतात. चंदेरा (सिल्व्हर कार्प) कटल्याच्याच ताटात जेवतो, सायप्रिनस (कॉमन कार्प) पाळ उकरतो; छोट्या बोडीत मी दोन्ही टाळतो. पाणगवत माजलं असेल तरच थोडे गवत्या (गवत खाणारे ग्रास कार्प) सोडा. थाई मागूर हा मासा कुणी कितीही स्वस्त दिला तरी नको, त्यावर बंदी आहे.

पूर्वी हे बीज पुराच्या नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळ इथे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून माशांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज ते ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत आपल्या दारात येतं. ती पिशवी मात्र जपून उघडा. पहिल्या वर्षी मी भर दुपारी थेट ओतली आणि सकाळी काठाला पांढरी पोटं तरंगत होती. पहाटे किंवा संध्याकाळी पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग तोंड सोडा, बोडीचं पाणी ओंजळीओंजळीने आत घाला आणि पिशवी आडवी धरा. बोटुकली आपणहून बाहेर पडतात.

खाद्याला कोंडा आणि भुईमुगाची ढेप सारख्या वजनाने आधीच आणून कोरड्या जागी ठेवा, बुरशी आलेली वापरू नका. पहिला आठवडा रोज सकाळी काठाने फेरी मारा. मेलेलं बीज मोजून वहीत लिहा, म्हणजे किती पुन्हा आणायचं ते कळेल.