पहिला गेमिंग पीसी: नागपूरच्या बर्डीवर खरेदीला जायच्या आधी हे वाचून घे

दुकानात पाय ठेवला का पहिला प्रश्न येते, "आय५ दाखवू का आय७?" आणि तिथंच अर्धं बजेट नको त्या जागी जाते. गेमिंग पीसीची यादी प्रोसेसरपासून नाही, स्क्रीनपासून सुरू करायची भाऊ. काय खेळणार, कोणत्या मॉनिटरवर खेळणार हे आधी ठरव, मग त्याला पुरेल असं ग्राफिक्स कार्ड, मग ते कार्ड झेपेल असा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), आणि उरलेल्या पैशात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम. पहिल्या पीसीला १०८०पीचा (फुल एचडी) मॉनिटर भरपूर झाला, १४४०पीच्या नादी लागू नको. मॉनिटर सोडून जेवढे पैसे आहेत त्यातले ४० टक्क्यांच्या आसपास एकट्या कार्डावर गेले तरी घाबरायचं नाही, गेमिंगमध्ये ते तसंच असते.

कार्डात आरएक्स ६६०० अजूनही मस्त आहे. २०२१चं कार्ड, पण ८ जीबी मेमरी, १३२ वॉट खाते, ८ पिनची एकच वायर लागते आणि १०८०पीवर बहुतेक गेम नीट चालवते. आरटीएक्स ३०५० घेत असशील त डब्यावर जीबी पाहजो, कारण ८ जीबीवालं आणि ६ जीबीवालं नावानं सारखंच दिसते पण ६ जीबीवाल्यात गणित करणारे कोरही कमी आहेत. त्याचा एकच खरा फायदा, ७० वॉटमध्ये चालते, वेगळी वायर लागत नाही, म्हणजे घरी जुना ऑफिसवाला डेस्कटॉप पडला असेल त त्यात टाकायला चांगलं. ४ जीबीचं कार्ड आता नवीन घ्यायचंच नाही. सेकंडहँडमध्ये आरएक्स ५८० स्वस्तात फिरते, पण त्यातल्या पुष्कळ कार्डांवर पुढं "२०४८एसपी" लिहिलं असते, म्हणजे नाव ५८०चं आणि ताकद जवळपास ५७०ची. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, विकणाऱ्याच्या समोर चालवून शेडर्सचा (म्हणजे त्या कोरांचा) आकडा पाहा, खऱ्या ५८०त २३०४ असतात.

फक्त व्हॅलोरंट आणि सीएस२च खेळायचं असेल त गणित थोडं बदलते, हे गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त चालतात. पैसे अगदीच टाईट असतील त रायझन ५ ५६००जी घे, त्याच्या आतच ग्राफिक्स आहे, कार्ड नंतर टाकता येते. फक्त त्यात रॅमच्या दोन स्टिक पाहिजेच, ८-८च्या, कारण ते ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेते आणि एका स्टिकवर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगलेच पडतात.

कार्ड घेणारच असशील त रायझन ५ ५६०० (६ कोर, डब्यात कूलर येते) किंवा आय३ १२१००एफ, बस्स. त्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, कार्ड नसेल त स्क्रीन काळीच राहीन. ५६००लाही तेच लागू. बोर्ड बी५५० मिळाला त उत्तम, नाही त ए५२०वरही काम भागते, आय३ला एच६१० चालते. एएम५ (एएमडीच्या रायझनचा नवा सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) घ्यावं का असं सगळेच विचारून राहिले, प्लॅटफॉर्म नवीन आहे, पुढं अपग्रेड करता येते, हे खरं, पण त्याला डीडीआर५च, म्हणजे रॅमची नवी पिढीच, लागते आणि २०२५च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलल्यामुळं रॅमचे भाव जे चढले ते पाहून माणूस दुकानातच बसून जाते. डीडीआर४ही महाग झालीच आहे, म्हणून घरात, मित्राकडं डीडीआर४च्या चांगल्या स्टिक पडल्या असतील त एएम४च (वरचा ५६०० बसते तो जुना सॉकेट) घे.

आता तो "आय७ गेमिंग पीसी, आरजीबी कॅबिनेट, वीस हजारात" वाला मामला. जाहिरातीत पिढी लिहिलेली नसते. आत निघते आय७ २६००, म्हणजे २०११चा प्रोसेसर, डीडीआर३ रॅम, आणि सोबत जीटी ७३० नावाचं जुनं कमजोर कार्ड. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी) मागते, ते त्या बोर्डात नाही. आय३ १२१००एफ त्या आय७ला आरामात मागं टाकते. लाईटा पाहून घेऊ नको ना बे.

एसएमपीएसवर मात्र कंजूषी बिलकुल नाही. कॅबिनेटसोबत जो फुकट येते त्याच्यावर "४५० वॉट" छापलं असते, पण बाजूचं स्टिकर नीट वाच. +१२व्हीच्या खाली किती ॲम्पियर लिहिले ते पाहा आणि १२नं गुण. १४ ॲम्पियर असेल त झाले १६८ वॉट. इकडं कार्डालाच १३२ लागतात, प्रोसेसर वेगळा, मग गेम लोड होताना पीसी बंद पडते आणि लोक कार्ड खराब म्हणून दुकानात नेतात. चांगल्या कंपनीचा ४५०-५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) घे, पुढच्या पीसीतही चालीन.

आपल्या इकडं वरून ऊन. नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात गरम नऊ दिवसांत) बाहेर ४५ डिग्री असते, खोलीत कूलर लावूनही चाळीशीच्या खाली यायला वेळ लागते, आणि खोली जेवढी गरम तेवढाच आतला आकडाही वर सरकते. म्हणून समोरून काचेनं बंद असलेली कॅबिनेट नको, जाळीवाली घे, समोर दोन फॅन, मागं एक. लिक्विड कूलिंगचे पैसे वाचव, ६५ वॉटच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही. पीसी खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नको, ओली हवा आणि धूळ मिळून फिनवर (आतली गरमी बाहेर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) असा थर बसते का तो ब्रशनं निघत नाही. लाईन जायचा त्रास असेल त यूपीएस लागेलच, पण ६०० व्हीएवाला बहुतेक ३६० वॉटचाच असते, त्यावर गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळते, मॅच पूर्ण करण्यापुरता नाही.

एसएसडी एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी वेगवान स्टोरेज), जमलं त १ टीबी, ५०० जीबी दोन-चार मोठ्या गेममध्येच भरते. कोटेशन दोन-तीन दुकानांतून घे आणि प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहून माग, नुसतं "८ जीबी ग्राफिक कार्ड" लिहिलेला कागद परत दे. "बिल नको त हजार कमी करतो" म्हणतीन, ऐकायचं नाही, जीएसटी १८ टक्के जाते पण सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल नसेल त वॉरंटीच्या वेळी चकरा मारत बसशील.

असेंबल होऊन घरी आला का तीन गोष्टी लगेच पाहजो. मॉनिटरची केबल बोर्डात नाही, खालच्या कार्डात लागली पाहिजे. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू कर, नाही त ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वरच पळत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बदल, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन पुष्कळ जण महिनोन्‌महिने ६०वरच खेळून राहिलेत.